नकार देणारं जग

‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा विषय निघाला की वाद ठरलेला असतो. ज्यांनी आधी ‘मॉरोविंड’ खेळला ते म्हणतात, त्यानंतर बेथेस्डा या कंपनीनं प्रत्येक गेम आधीपेक्षा सोपा आणि उथळ करत नेला. ज्यांची ओळख ‘स्कायरिम’पासून झाली त्यांना ‘मॉरोविंड’ अर्धा तासही सोसवत नाही. ‘ऑब्लिव्हियन’ची बाजू घेणारे थोडे असतात, पण ते सगळ्यात हट्टी. मी हे तिन्ही गेम गेली अनेक वर्षं आलटून पालटून खेळत आले आहे आणि उतरत्या कळेची ही गोष्ट मला पटत नाही. मला दिसतं ते असं: प्रत्येक नव्या गेमनं आधीच्या गेमबद्दलची तक्रार मनापासून ऐकली आणि दूर केली. पण त्या तक्रारीच्या मुळाशीच काहीतरी मोलाचं होतं, तेही तिच्याबरोबर उपटलं गेलं. ते मोलाचं म्हणजे जगाची खेळाडूला ‘नाही’ म्हणण्याची ताकद.

हा हिशेब ‘मॉरोविंड’च्याही आधी सुरू होतो. 1996 चा ‘डॅगरफॉल’ आकारानं प्रचंड होता. त्याचा नकाशा ग्रेट ब्रिटनएवढा असल्याचं सांगितलं जायचं, हजारो गावं आणि तळघरं, बहुतेक सगळी संगणकानं नियम लावून तयार केलेली. एक गाव पाहिलं की पुढची शंभर पाहिल्यासारखीच. त्यावर उत्तर म्हणून 2002 मध्ये आलेल्या ‘मॉरोविंड’नं विस्तार सोडला आणि एकच बेट घेतलं, व्हार्डनफेल. पण त्या बेटावरचा दगड न् दगड माणसानं हातानं ठेवलेला. एखाद्या पडक्या थडग्यात, टेबलाखाली, कुणीतरी मुद्दाम ठेवलेली कवटी आणि शेजारी रिकामी बाटली सापडते. ती तिथं का असेल याचा आपण विचार करत बसतो. एवढा चांगला सौदा पुढे या मालिकेनं केला नाही असं मी म्हणेन.

‘मॉरोविंड’ सुरू होतो तो सेडा नीन नावाच्या दलदलीतल्या बंदरावर. तुम्ही कैदी, नुकतेच सुटलेले. हातात एक पुडकं देतात आणि सांगतात, बाल्मोरा गावी जा, केयस कोसेडीस नावाच्या माणसाला दे. बस. नकाशावर बाण नाही, ठिपका नाही. गावाबाहेर एक अवाढव्य किडा उभा असतो, सिल्ट स्ट्रायडर. त्याच्या पोखरलेल्या पाठीत बसून प्रवास करायचा. तो सेडा नीनहून बाल्मोरा, ग्निसिस, सुरान आणि व्हिवेक या चारच ठिकाणी जातो. पूर्वेकडच्या टेलव्हानी घराण्याच्या मुलखात जायचं तर बाल्मोराच्या मेजेस गिल्डमधली, म्हणजे जादूगारांच्या संघातली, गाइड मंत्रानं साड्रिथ मोराला पाठवते, नाहीतर बोट शोधायची. काही दिवसांत हे सगळं वेळापत्रक डोक्यात बसतं आणि मग तो मुलूख आपला वाटू लागतो. कुठून कुठे कसं जायचं हे ज्याला तोंडपाठ आहे, तोच तिथला रहिवासी.

केयसनं दिलेली पहिली मोठी कामगिरी म्हणजे आर्कन्गथांड नावाच्या, ड्वेमर या नाहीशा झालेल्या जमातीच्या अवशेषांतून एक कोड्याची पेटी आणणं. रस्ता सांगतो बाल्मोरातलाच हास्फाट अँटाबोलिस, तोही शब्दांत: गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पड, ओडाई नदी ओलांड, पाटी दिसेल, मोलाग मारच्या दिशेनं चढ चढत जा, जुना दगडी पूल लागेल, पलीकडे अवशेष आहेत. दार उघडायला जवळच्या पाइपवरची मूठ फिरव. मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझा मावसभाऊ हे खेळायचो. दादा माउस धरायचा आणि मी वही. इंग्रजी वाक्यं वाचून मी मराठीत टिपण करायचे: ‘नदी पार, पाटी, चढ, दगडी पूल, पाइपाची मूठ.’ आमच्या गावाकडे पत्ता सांगतात तसाच हा पत्ता होता. वडापाशी वळा, मारुतीचं देऊळ लागलं की समजा पुढे गेलात, मागे या. असा पत्ता ऐकणाऱ्याला झाडं, देवळं, चढ-उतार सगळं बघावंच लागतं. आम्ही आर्कन्गथांडला पोचलो तेव्हा तो डोंगर, ती पाटी, तो पूल आम्हाला माहीत झाला होता. पेटी मात्र आत सापडता सापडेना. काळोख्या खोलीत फळीवर ठेवलेला तो लहानसा चौकोनी डबा इतर भंगारात नजरेतून सुटून जातो आणि बहुतेकांची तिथं चांगली दमछाक होते.

या जगाचा नकार सगळीकडे आहे. गावातले डार्क एल्फ, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, तुम्हाला परका म्हणून हिणवतात, आणि ते नुसतं तोंडदेखलं नाही. अनेकजण तुम्हाला आवडीनं मदत करतच नाहीत. गिल्डमध्ये बढती हवी तर नुसती कामं करून भागत नाही. त्या गिल्डला हवी असलेली कौशल्यं अंगी नसतील तर तोंडावर सांगतात, अजून तयार नाहीस. ह्लालू, रेडोरान, टेलव्हानी या तीन घराण्यांपैकी एकात गेलात की बाकी दोन बंद. टेलव्हानी जादूगार अजस्र अळंब्यांच्या मनोऱ्यांत राहतात आणि त्या मनोऱ्यांना वर जायला जिनेच नाहीत. उडता येत असेल तर या, नाहीतर खाली थांबा. वास्तूनंच पाहुण्याची लायकी ठरवावी, ही कल्पना मला आजही थक्क करते. कथेला आवश्यक असलेला माणूसही तुम्ही मारू शकता. मग एक ओळ येते की भविष्यवाणीचा धागा तुटला आहे. जुनी सेव्ह फाइल उघडा, नाहीतर तुम्हीच घडवलेल्या या शापित जगात राहा. आणि त्यातही एक चोरवाट शिल्लक ठेवलेली आहे. शेवटचा जिवंत ड्वेमर याग्रुम बागार्न याच्याकडून खूप कष्टानं तुम्ही कथा शेवटाला नेऊ शकता. लिहिणाऱ्यांनी खेळाडूवर केवढा विश्वास टाकला असेल!

आता दोष. ते लहान नाहीत. तलवार डोळ्यांदेखत खेकड्याच्या अंगातून आरपार जाते आणि वार लागत नाही, कारण लागला की नाही हे आतमध्ये फासा टाकून ठरतं. पळून दमलात की फासा आणखी उलटा पडतो. कौशल्य कमी असलेल्या नव्या खेळाडूला पहिले काही तास हे निव्वळ छळासारखं वाटतं आणि त्याचं बरोबर आहे. आकाशातून क्लिफ रेसर नावाची पाखरं पाठ सोडत नाहीत. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे माणसं. जग एवढं जिवंत, पण त्यातली माणसं रात्रंदिवस एकाच जागी उभी. बाल्मोरातल्या दहा जणांना एकच विषय विचारा, दहाही जण तोच परिच्छेद शब्द न बदलता सांगतात. तुम्ही वाचता आहात ते माणसाचं बोलणं आहे असं वाटत नाही. गावानं मिळून लिहिलेला एक माहितीकोश वाचतो आहोत असं वाटतं. तो कोश उत्तम आहे. पण माणूस हवा होता.

2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’नं तो दिला. सिरोडील प्रांतातल्या प्रत्येकाला आता दिनक्रम मिळाला. ते उठतात, कामाला जातात, खानावळीत जेवतात, रात्री दार लावून झोपतात. सगळे संवाद आवाजात आले. सम्राट युरिएल सेप्टिमला पॅट्रिक स्टुअर्ट यांचा आवाज आहे, त्याचा मुलगा मार्टिन याला शॉन बीन यांचा. वार जिथं बसतो तिथं बसतो, फासा गेला.

याचं सर्वात सुंदर फळ मला स्किनग्राड गावात मिळालं. तिथं ग्लार्थिर नावाचा एक वुड एल्फ आहे. तो मध्यरात्री चर्चच्या मागे बोलावतो आणि कुजबुजत सांगतो की गावातले लोक माझ्यावर पाळत ठेवून आहेत, तू त्यांच्यावर पाळत ठेव. तीन नावं देतो, एकेक करून. तुम्ही सकाळी एका बाईच्या घरासमोर उभे राहता. ती बाहेर पडते, द्राक्षमळ्यात दिवसभर राबते, संध्याकाळी परतते. तुम्ही लांबून चालत असता, झाडाआड थांबत असता, आणि हळूहळू कळतं की इथं काहीही घडत नाहीये. ही एक साधी बाई आहे, तिचा एक साधा दिवस आहे, आणि पाळत जर कुणी ठेवत असेल तर ते तुम्ही. ग्लार्थिरला काय सांगायचं हे तुमच्या हाती असतं, आणि त्यातून माणसं मरू शकतात. त्याच्या मनातला संशय मिटवण्याचा सरळ मार्ग मात्र कुठेच नाही. दिनक्रमाचं तंत्र नसतं तर ही गोष्ट सांगताच आली नसती. ‘मॉरोविंड’मध्ये त्या बाईला दिवसच नव्हता.

डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीच्या कामगिऱ्याही त्याच तोडीच्या. त्यातली एक अशी: एका हवेलीत पाच पाहुणे बोलावलेले, सोन्यानं भरलेली पेटी दडवली आहे असं सांगून. तुम्ही सहावे. दाराला बाहेरून कुलूप. एकेकाला कुणाच्या नजरेस न पडता मारायचं आणि उरलेल्यांशी सहज गप्पा मारायच्या. संशय कुणावर आहे हे ते तुम्हालाच विचारतात आणि तुमच्या उत्तरानं त्यांचे एकमेकांशी संबंध बदलत जातात. एवढी घट्ट विणलेली गोष्ट तिन्ही गेममध्ये मला दुसरी सापडलेली नाही.

पण आवाज आला आणि त्याच्या मागून एक साखळी आली. प्रत्येक वाक्य आता स्टुडिओत रेकॉर्ड करायचं, म्हणजे पैसे आणि डिस्कवरची जागा. त्यामुळे बोलणं आखूड झालं. आखूड बोलण्यात नदी, पाटी, चढ, पूल मावत नाहीत. मग रस्ता दाखवायला होकायंत्रावर खूण आली. ही खूण आळशी खेळाडूंसाठी आणली असा आरोप करतात, तो मला अन्यायाचा वाटतो. ती आवाजाची किंमत आहे. फार तर असं म्हणता येईल की किंमत मोजताना तिच्याकडे कुणी नीट पाहिलं नाही. ती खूण बंद करून खेळायचं ठरवलं तरी कितीतरी कामगिऱ्या खेळताच येत नाहीत, कारण जागेचा पत्ता कुणाच्याच तोंडात नसतो, वहीतही नसतो. वर, रेकॉर्डिंगसाठी मोजकेच कलाकार घेतल्यामुळे एकाच खानावळीत दोन माणसं एकाच गळ्यानं एकमेकांशी बोलतात. उडण्याचा मंत्रही इथेच गेला, कारण शहरं तटबंदीआड वेगळी लोड व्हायला लागली आणि तटावरून उडून आत येणारा माणूस त्या रचनेला चालणार नव्हता. कथेत त्यासाठी एक कायदा झाल्याचं दाखवून दिलं, ते ठीकच.

‘ऑब्लिव्हियन’चा खरा घाव मात्र दुसरा आहे. इथलं जग तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतं. तुम्ही दुबळे असाल तर क्वाच शहराच्या दारात किरकोळ राक्षस, तुम्ही ताकदवान झालात की तिथंच भयंकर. रस्त्यावरचा भणंग दरोडेखोर तुमच्या विसाव्या-पंचविसाव्या लेव्हलला काचेचं महागडं चिलखत घालून येतो आणि शंभर नाणी मागतो. ज्याच्या अंगावर राजवाड्याच्या किमतीचं चिलखत आहे, तो शंभर नाण्यांसाठी वाट का अडवेल? त्याहून वाईट म्हणजे ज्या कौशल्यांवर तुमचा भर असतो तीच वापरली की लेव्हल भराभर चढते, पण अंगची ताकद त्या मानानं वाढत नाही, आणि नेहमीसारखं खेळणारा माणूस दुबळा होत जातो. कुठेही जा, कधीही जा, जग तुमच्या मापाचंच. बेतून शिवलेल्या जगात घाबरायचं कशाला आणि शूर तरी कशासाठी व्हायचं? नरकाची दारं उघडलेली आहेत असं सांगणाऱ्या कथेत ती दारं दहाव्यांदा बंद करताना मला थकवा येतो, तो यामुळेच.

11 नोव्हेंबर 2011 ला आलेल्या ‘स्कायरिम’नं हेही ऐकलं. प्रत्येक भागाला किमान-कमाल मर्यादा दिल्या आणि काही धोके मुळीच वाकवले नाहीत. व्हाइटरनच्या मैदानात राक्षसांच्या छावण्या आहेत, मॅमथ राखत बसलेल्या. नवखा खेळाडू बाण मारून बघतो. राक्षस शांतपणे चालत येतो, सोटा आपटतो आणि तुम्ही ढगांपर्यंत उडता. सगळे त्याची मजा सांगतात, पण मला तो क्षण फार महत्त्वाचा वाटतो. तो स्पष्ट नकार आहे, आणि तो देणारा खलनायकही नाही. तो आपल्या जनावरांपाशी उभा होता.

‘स्कायरिम’चं सगळ्यात मोठं यश म्हणजे त्याची भूमी. सात हजार पायऱ्या चढून हाय ह्रोथगार या मठाकडे जाताना बर्फाचा वारा सुटतो, वाटेत यात्रेकरू भेटतात, शिलालेख लागतात. चढताना काही सांगावं लागत नाही, डोंगरच बोलतो. तळघरं पुन्हा हातानं घडवलेली आहेत. ब्लीक फॉल्स बॅरो या जुन्या थडग्यात सोन्याच्या नखाच्या कोड्याचं उत्तर त्या नखाच्याच तळव्यावर कोरलेलं असतं. वस्तू हातात घेऊन फिरवून पाहणाऱ्यालाच ते सापडतं. जेरेमी सोल यांचं संगीत तिन्ही गेमना आहे, पण आकाशातल्या ध्रुवीय प्रकाशाखाली रात्री चालताना ते जसं लागतं तसं इतरत्र नाही.

आणि मग विंडहेल्म. या शहरात ग्रे क्वार्टर नावाची एक गल्ली आहे, उतरती, कोंदट, दोन बाजूंनी उंच भिंती. तिथं डार्क एल्फ राहतात. रेड माउंटन या ज्वालामुखीचा उद्रेक झाला, व्हार्डनफेल उद्ध्वस्त झालं, आणि तिथून पळालेल्या लोकांची ही पुढची पिढी. वेशीतून आत शिरताच एक नॉर्ड, म्हणजे स्कायरिमचा मूळ रहिवासी, एका डार्क एल्फ बाईला घालून पाडून बोलताना दिसतो. गल्लीत एका खानावळीवर पाटी आहे: न्यू ग्निसिस. ज्यानं ‘मॉरोविंड’ खेळला आहे त्याला ग्निसिस माहीत आहे. सेडा नीनहून किड्याच्या पाठीत बसून जिथं जायचं, ते हेच. ज्या लोकांनी माझ्या पहिल्या खेळात मला परकी म्हणून हिणवलं होतं, तेच इथं परके झाले आहेत आणि गेलेल्या गावाचं नाव खानावळीला देऊन राहत आहेत. हे कुणी भाषण करून सांगत नाही. एक पाटी आहे, ती वाचणाऱ्यानं वाचावी. उतरत्या कळेची गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाला मी या पाटीसमोर उभं करू इच्छिते.

तरीही ‘स्कायरिम’मध्ये माणसांचा नकार संपला आहे. विंटरहोल्डच्या जादूविद्यापीठात पुलावर एक साधा मंत्र मागतात आणि थोड्याच कामगिऱ्यांनंतर तुम्ही तिथले आर्चमेज, म्हणजे प्रमुख, होता, सारा वेळ कुऱ्हाड चालवली असली तरी. ‘मॉरोविंड’मध्ये 27 कौशल्यं होती, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये 21, इथं 18. संख्येचं मला दुःख नाही, फापटपसारा होताच. पण स्वतःचे मंत्र रचण्याची सोय आणि ताकद-बुद्धी-चपळाई हे मूळ गुण एकदम काढून टाकले. कुणीही काहीही होऊ शकतो अशा जगात आपण अमुक झालो याला वजन उरत नाही.

नकार दोन्ही बाजूंनी गेला, हे मला बऱ्याच उशिरा जाणवलं. पार्थरनाक्स हा म्हातारा ड्रॅगन पर्वतशिखरावर बसून तुम्हाला शिकवतो. जन्मानं क्रूर असूनही हजारो वर्षं स्वतःला आवरत राहिलेला. ड्रॅगन मारणाऱ्या ब्लेड्स पंथाची डेल्फिन सांगते, त्याला मार, नाहीतर आमची मदत विसर. मला तिला सांगायचं होतं की मी मारणार नाही, आणि का मारणार नाही. गेमकडे त्याला उत्तरच नाही. तिचं मन वळवता येत नाही, तिच्याशी भांडताही येत नाही, नोंदवहीत ती कामगिरी कायमची लटकत राहते. जगानं खेळाडूला ‘नाही’ म्हणणं बंद केलं, तेव्हा खेळाडूचं ‘नाही’ ऐकायलाही ते विसरलं. यादवी युद्धाचंही तेच. कुणाच्याही बाजूनं जिंका, शहरांतले रक्षक आणि झेंडे बदलतात, ग्रे क्वार्टरची गल्ली तशीच कोंदट राहते.

एप्रिल 2025 मध्ये ‘ऑब्लिव्हियन’ नव्या रूपात आला. लेव्हल वाढवण्याची ती उलटी पद्धत दुरुस्त केली, धावता येऊ लागलं, चेहरे माणसांसारखे झाले. ग्लार्थिर अजून मध्यरात्री चर्चमागे बोलावतो. दरोडेखोरांची चिलखतं मात्र अजूनही तुमच्या लेव्हलबरोबर महाग होत जातात. मालिकेचा सहावा भाग जून 2018 मध्ये जाहीर झाला. डोंगराळ मुलखाची छोटीशी झलक दाखवली आणि अजून आम्ही वाट पाहतो आहोत. त्यात ‘मॉरोविंड’चा फासा परत यावा असं मला मुळीच वाटत नाही. ‘स्कायरिम’चे डोंगर हवेत, ‘ऑब्लिव्हियन’मधल्या त्या बाईचा दिवस हवा. आणि एवढा मोठा खर्च करणारच आहेत, तर गावातल्या कुणाला रस्ता विचारल्यावर त्यानं तो तोंडानं सांगावा, इतपत वाक्यं रेकॉर्ड करावीत. खूण ज्याला हवी त्यानं लावून घ्यावी. निदान एका गिल्डनं तरी माझी कौशल्यं तपासावीत आणि मला दारातून परत पाठवावं.